व्यसनावरील संशोधन : पैसा प्रकल्पाला की माणसाला?

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा, म्हणजेच 'एनआयएच'चा, वार्षिक खर्च सुमारे ४७ ते ४८ अब्ज डॉलरच्या घरात आहे. वैद्यकीय संशोधनासाठी एवढी रक्कम जगातील दुसरी कोणतीही सार्वजनिक संस्था खर्च करीत नाही. ट्रम्प प्रशासनाने मे २०२५ मध्ये पुढील आर्थिक वर्षासाठी जो प्रस्ताव मांडला, त्यात हा खर्च जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी करण्याची सूचना होती. व्यसनांवर संशोधन करणारी 'नायडा', मद्यपानाच्या प्रश्नाला वाहिलेली 'एनआयएएए' आणि मानसिक आरोग्याची संस्था या तिन्ही संस्था एकाच छत्राखाली आणाव्यात, असेही त्या प्रस्तावात म्हटले होते. सिनेटच्या विनियोजन समितीने ३१ जुलै २०२५ रोजी २६ विरुद्ध ३ मतांनी उलट दिशेचा निर्णय घेतला आणि कपातीऐवजी ४० कोटी डॉलरची वाढ सुचविली. प्रशासनाचा प्रस्ताव संसदेने स्वीकारला नाही.

कपात टळली, तेव्हा प्रश्न मिटला असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. अर्थसंकल्पातील एकूण आकडा कायम राहिला तरी त्या वर्षभरात जे घडले, त्याचा घाव नेमका तरुण संशोधकांवर बसला. अनेक चालू अनुदाने मुदतीपूर्वीच रद्द करण्यात आली. संशोधन क्षेत्रात ज्या समाजगटांचे प्रतिनिधित्व कमी आहे, त्यांतील पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली स्वतंत्र पाठ्यवृत्ती बंद झाली. विद्यापीठांना इमारत, वीज, प्रयोगशाळेची देखभाल यांसाठी मिळणारा अप्रत्यक्ष खर्च सरसकट १५ टक्क्यांवर आणण्याचा आदेश ७ फेब्रुवारी २०२५ रोजी निघाला. न्यायालयाने तो रोखला खरा. पण अनिश्चिततेच्या धास्तीने अनेक विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेश कमी केले, काहींनी तर दिलेले प्रवेश मागे घेतले. १ मे २०२५ रोजी आणखी एक धोरण जाहीर झाले. अमेरिकी विद्यापीठाला मिळालेल्या अनुदानातून परदेशी सहकारी संस्थेला उप-अनुदान देण्याची जुनी पद्धत त्याने थांबविली. भारतातील ज्या संस्था अशा भागीदारीवर आपले संशोधक घडवीत होत्या, त्यांच्यापर्यंत ही झळ थेट पोहोचली.

या घडामोडींकडे केवळ अमेरिकेच्या अंतर्गत राजकारणाचा भाग म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. व्यसनाधीनता आणि मेंदूविज्ञान या क्षेत्रांत संशोधनाला पैसा मिळणे आणि संशोधक तयार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्यांतून मिळतो. पहिली गोष्ट एका निर्णयाने साधते. दुसरीला दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि मध्येच हात आखडला तर ती नव्याने सुरू करावी लागते. भारताने, आणि विशेषतः महाराष्ट्राने, हा धडा समजून घेण्याची वेळ आली आहे.

शिकाऊ हातांनी लावलेले शोध

व्यसन ही मेंदूशी निगडित गोष्ट आहे, हे आज सर्वमान्य आहे. ते ज्या प्रयोगांमुळे सर्वमान्य झाले, ते करणारे लोक त्या वेळी कोण होते, हे पाहण्यासारखे आहे. १९५४ मध्ये माँट्रियल येथील मॅक्गिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत विजेची सूक्ष्म तार बसवून पाहिली. एका उंदराच्या बाबतीत तार ठरलेल्या जागी न जाता भलतीकडे गेली आणि तो उंदीर त्या उत्तेजनासाठी पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊ लागला. मेंदूतील सुखसंवेदनेच्या यंत्रणेचा शोध असा लागला. ओल्ड्स तेव्हा पीएचडीनंतरच्या प्रशिक्षणासाठी तेथे आलेला, मूळचा समाजमानसशास्त्राचा अभ्यासक होता. मिल्नर तर विद्यार्थीच होता. तार कशी बसवायची, हे ओल्ड्सला त्यानेच शिकविले.

दुसरे उदाहरण बाल्टिमोरचे. व्हिएतनाममधून परतणाऱ्या सैनिकांतील हेरॉइनच्या व्यसनाने अमेरिका हादरली होती. १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांचा गैरवापर हा देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू असल्याचे जाहीर केले आणि त्यापाठोपाठ संशोधनासाठी पैसा उपलब्ध झाला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील सॉलोमन स्नायडर यांच्या प्रयोगशाळेत १९७३ मध्ये अफूजन्य द्रव्ये मेंदूत ज्या ठिकाणी चिकटतात, ते ग्राहक-रेणू प्रत्यक्ष दाखवून देण्यात यश आले. हे काम करणारी कँडेस पर्ट ही पीएचडीची विद्यार्थिनी होती. १९७८ मध्ये प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार या विषयासाठी दिला गेला, तेव्हा स्नायडर यांचे नाव त्यात होते, पर्टचे नव्हते. त्यावरून बराच वाद झाला. प्रशिक्षणार्थ्याचे श्रम हिशेबात धरायचे आणि श्रेय वाटताना त्याला विसरायचे, ही वृत्ती तेथेही नवी नाही.

शिडीच्या पायऱ्या

'नायडा'ची स्थापना १९७४ ची. ज्या कायद्याने अमेरिकेत संशोधक घडविण्याची राष्ट्रीय पाठ्यवृत्ती योजना सुरू झाली, तो कायदाही १९७४ चाच. व्यसनावरील संशोधनासाठी संस्था आणि संशोधकांसाठी शिडी या दोन्ही गोष्टी तेथे एकाच वर्षी उभ्या राहिल्या. ती शिडी कशी आहे, हे आपल्याकडील विद्यार्थ्यांनी आणि धोरण ठरविणाऱ्यांनीही नीट पाहावे.

पहिल्या पायरीवर विद्यापीठाला सामूहिक प्रशिक्षण अनुदान मिळते. त्याला 'टी-३२' म्हणतात. त्यातून विद्यापीठ आपले पीएचडीचे विद्यार्थी आणि पीएचडीनंतरचे संशोधक निवडते. यापुढे विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर 'एफ-३१' ही पाठ्यवृत्ती मिळविता येते. पीएचडी झाल्यावर 'एफ-३२' मिळते. २०२४ मध्ये या योजनांतील विद्यार्थ्याचे वार्षिक विद्यावेतन २८ हजार २२४ डॉलर आणि पीएचडीनंतरच्या पहिल्या वर्षाचे ६१ हजार ८ डॉलर होते. पीएचडीनंतर ही मदत घेणाऱ्याला पहिल्या वर्षाच्या बदल्यात तेवढाच काळ संशोधनाची किंवा अध्यापनाची सेवा द्यावी लागते. प्रशिक्षणाचे दुसरे वर्ष पूर्ण केले की त्यातच पहिल्या वर्षाची परतफेड होते. सरकारने खर्च केलेला पैसा क्षेत्रातच राहावा, यासाठी केलेली ही साधी, पण उपयुक्त तरतूद आहे.

त्यानंतरची पायरी सर्वांत अवघड. दुसऱ्याच्या प्रयोगशाळेतून स्वतःच्या प्रयोगशाळेत जाण्याची. त्यासाठी २००६ पासून 'के-९९' ही योजना आहे. पहिली दोन वर्षेपर्यंत मार्गदर्शकाच्या हाताखाली आणि पुढची तीन वर्षेपर्यंत स्वतंत्रपणे, असे एकाच निवडीत दोन्ही टप्प्यांचे आश्वासन तीत असते. वैद्यकीय शिक्षणासाठी कर्ज काढलेल्या डॉक्टरांनी रुग्णसेवेकडे न वळता संशोधनात राहावे म्हणून कर्जफेडीची वेगळी योजना आहे. तीत वर्षाला ५० हजार डॉलरपर्यंतचे कर्ज सरकार फेडते. एवढे सगळे पार करून पहिले मोठे स्वतंत्र अनुदान हाती येईपर्यंत सर्वसाधारण संशोधकाची चाळिशी उलटलेली असते.

पुण्या-मुंबईहून तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. 'एफ' वर्गातील पाठ्यवृत्त्या आणि 'टी-३२'मधील जागा अमेरिकेच्या नागरिकांना व कायम रहिवाशांनाच मिळतात. 'के-९९' मात्र परदेशी नागरिकालाही मागता येते. त्यामुळे भारतीय पीएचडीधारक बहुधा मार्गदर्शकाच्या प्रकल्प-अनुदानावर राबतो. तो प्रकल्प बंद पडला की त्याचे वेतन थांबते आणि त्याबरोबर व्हिसाचाही प्रश्न उभा राहतो. २०२५ मध्ये अनुदाने रद्द होऊ लागली, तेव्हा अशा संशोधकांचा आधार सर्वांत आधी डळमळीत झाला.

पुराचे पाणी आणि विहिरीचे पाणी

प्रकल्पाचा पैसा आणि माणसाचा पैसा यांतील अंतर आणखी दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल. अध्यक्ष ओबामा यांनी २०१३ मध्ये मेंदूसंशोधनाचा 'ब्रेन' हा महाउपक्रम जाहीर केला. २०२३ मध्ये त्याला ६८ कोटी डॉलर मिळाले. २०२४ मध्ये ही रक्कम ४० कोटी २० लाखांवर आणि २०२५ मध्ये ३२ कोटी १० लाखांवर आली. यात कोणाचा आकस नव्हता. २०१६ च्या एका कायद्याने ठरावीक वर्षांसाठी दिलेला पैसा वेळापत्रकाप्रमाणे आटत गेला. मधल्या काळात या पैशावर ज्यांनी प्रयोगशाळा उभारल्या, विद्यार्थी घेतले, ते विद्यार्थी मात्र वेळापत्रकाप्रमाणे पीएचडी पूर्ण करीत नाहीत. पुराचे पाणी ओसरल्यावर विहिरीत किती उरले, यावरच पुढचा हंगाम अवलंबून असतो.

दुसरे उदाहरण अफूजन्य द्रव्यांच्या साथीचे. अमेरिकेत २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षी अमली पदार्थांच्या अतिसेवनाने एक लाखाहून अधिक माणसे दगावली. २०२४ मध्ये हा आकडा ८० हजारांच्या आसपास खाली आला. संसदेने २०१८ मध्ये या संकटावरील संशोधनासाठी ५० कोटी डॉलर जादा दिले आणि त्यातून 'हील' हा उपक्रम सुरू झाला. हा पैसा खर्च करण्यास तेथे माणसे तयार होती, हे महत्त्वाचे. ब्युप्रेनॉर्फिन या औषधाला अमेरिकेत व्यसनोपचारासाठी २००२ मध्ये मान्यता मिळाली. अतिसेवनात जीव वाचविणारा नॅलॉक्सोनचा नाकातून देण्याचा फवारा २०१५ मध्ये मान्य झाला. या दोन्हींमागे 'नायडा'च्या साहाय्याने झालेले काम होते. संकट आल्यावर संशोधक शोधावे लागले नाहीत. ते आधीच्या तीस-चाळीस वर्षांत घडलेले होते.

पैसा कोणाचा, हाही प्रश्न

सरकारी पैसा अपुरा पडू लागला की उद्योगांकडे पाहावे, असा सल्ला दिला जातो. व्यसनाच्या क्षेत्रात तो किती धोक्याचा ठरू शकतो, हे २०१८ मध्ये दिसले. मर्यादित मद्यपान हृदयाला हितकारक आहे काय, हे तपासण्यासाठी 'एनआयएच'ने दहा कोटी डॉलरचा एक मोठा अभ्यास हाती घेतला होता. सुमारे ७,८०० लोकांचा त्यात सहभाग अपेक्षित होता. त्याचा बराचसा पैसा बड्या मद्य-कंपन्यांकडून, एका प्रतिष्ठानमार्फत येणार होता. अभ्यासाची आखणी सुरू असतानाच संस्थेतील अधिकारी व संशोधक या कंपन्यांच्या संपर्कात होते, असे चौकशीत निष्पन्न झाले. अखेर जून २०१८ मध्ये हा अभ्यास गुंडाळावा लागला. ज्याच्या मालाचे दुष्परिणाम तपासायचे, त्याच्याच खिशातून संशोधकाचे वेतन आले तर निष्कर्ष खरा असला तरी त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून या क्षेत्राला सार्वजनिक पैशाची किंवा व्यावसायिक हितसंबंध नसलेल्या दानाची गरज इतर शाखांहून अधिक आहे.

भारताचे चित्र

आता आपल्याकडे वळू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'मधील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन लाखांहून अधिक घरे आणि पावणेपाच लाखांच्या आसपास व्यक्ती या पाहणीत होत्या. तिच्या अंदाजानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांचे मद्यपान घातक किंवा व्यसनाच्या पातळीवरचे आहे. अफूजन्य द्रव्यांमुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ७७ लाख. मद्याच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला ना कसला उपचार मिळतो आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांत एक, हे त्या अहवालातील सर्वांत अस्वस्थ करणारे आकडे होत.

एवढ्या मोठ्या प्रश्नाचा अभ्यास करणारी माणसे कोठे घडतात? 'एम्स'चे हे केंद्र १९८८ मध्ये सुरू झाले आणि २००३ पासून ते गाझियाबादला आहे. बेंगळुरूची 'निम्हान्स', चंडीगडची 'पीजीआय' आणि 'एम्स' येथे मनोविकारतज्ज्ञांना व्यसनोपचाराची 'डीएम' ही अतिविशेष पदवी घेता येते. मूलभूत मेंदूविज्ञानासाठी मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा विभाग आहे. विज्ञान व तंत्रज्ञान खात्याचा आकलनविज्ञान उपक्रम २००८ पासून चालू झाला. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांच्या संयुक्त साहाय्याने 'सी-वेदा' हा दीर्घ अभ्यास उभा राहिला. सहा ते तेवीस वर्षे वयाच्या सुमारे नऊ हजार मुला-तरुणांची माहिती त्यात गोळा झाली. कोणती मुले व्यसनाकडे वळतात आणि का, याचा मागोवा भारतीय परिस्थितीत घेणारा हा मोलाचा प्रयत्न आहे. अमेरिकेत असाच अभ्यास सुमारे ११ हजार ८०० मुलांवर २१ केंद्रांत चालू आहे. खासगी दानाचे उदाहरण २०२३ मधले. रोहिणी निलेकणी यांच्या दानसंस्थेने 'निम्हान्स' आणि राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र यांच्या संयुक्त मेंदू केंद्रासाठी पाच वर्षांकरिता १०० कोटी रुपये दिले. ज्या पाच विकारांवर तेथे भर आहे, त्यांत व्यसनाधीनता आहे.

म्हणजे आपल्याकडे काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. उणीव आहे ती पायऱ्या एकमेकींना जोडण्याची. संशोधक विद्यार्थ्याची कनिष्ठ पाठ्यवृत्ती २०२३ मध्ये दरमहा ३७ हजार रुपये झाली, वरिष्ठ पाठ्यवृत्ती ४२ हजार. पीएचडीनंतरच्या संशोधन सहायकाला ५८ ते ६७ हजार मिळतात. तेही वेळेवर मिळत नसल्याच्या तक्रारी विद्यार्थी वर्षानुवर्षे करीत आहेत. त्यापुढे काय? बहुतेकांसाठी तीन वर्षांचा एखादा प्रकल्प, मग दुसरा, मग प्रतीक्षा. दुसरीकडे व्यसनमुक्तीचे काम करणारा डॉक्टर प्रयोगशाळेत पाऊल ठेवत नाही आणि मेंदूतील पेशींवर काम करणाऱ्या पीएचडीधारकाला रुग्ण कधी दिसत नाही. या दोघांना एका छताखाली दोन-तीन वर्षे शिकविणारी व्यवस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी आहे.

अपवाद म्हणून एका योजनेचा उल्लेख करायलाच हवा. जैवतंत्रज्ञान खाते आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी २००८ मध्ये मिळून सुरू केलेली 'इंडिया अलायन्स' ही व्यवस्था प्रकल्पापेक्षा व्यक्तीची निवड करते. तरुण संशोधक, मधल्या टप्प्यावरचे संशोधक, रुग्णालयात काम करणारे डॉक्टर आणि सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक अशा सर्वांसाठी तीत दीर्घ मुदतीच्या पाठ्यवृत्त्या आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये तिच्या तिसऱ्या टप्प्याला मान्यता दिली. १,५०० कोटी रुपयांपैकी १,००० कोटी सरकारचे आणि ५०० कोटी वेलकम ट्रस्टचे. व्यसन आणि मेंदूविज्ञान या विषयांत काम करू इच्छिणाऱ्या मराठी तरुणांनी परदेशाकडे पाहण्यापूर्वी हे दार ठोठावून पाहावे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मेंदू संशोधन संघटनेच्या अल्पमुदतीच्या प्रशिक्षण-शाळा आणि प्रवासवृत्त्याही त्यांना उपयोगी पडतील.

गोव्याने दाखविलेली वाट

माणसावर दीर्घकाळ खर्च केल्याने काय हाती लागते, याचा पुरावा शोधायला फार दूर जायला नको. तो गोव्यात आहे. मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतलेले विक्रम पटेल रोड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले, लंडनमध्ये मनोविकारशास्त्र शिकले, हरारे येथे संशोधन केले आणि नंतर गोव्यात आले. १९९६ मध्ये तेथे 'संगथ' ही संस्था उभी राहिली. मनोविकारतज्ज्ञ मोजकेच असलेल्या देशात साध्या, प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून उपचार देता येतील काय, हा त्यांचा प्रश्न होता.

वेलकम ट्रस्टच्या साहाय्याने झालेल्या एका अभ्यासात गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक पातळीवर मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांना दोन गटांत विभागण्यात आले. एका गटाला नेहमीच्या, थोड्या सुधारलेल्या सेवेबरोबर समुपदेशन मिळाले. ते देणाऱ्यांकडे मानसोपचाराची कोणतीही व्यावसायिक पदवी नव्हती. त्यांना खास प्रशिक्षण दिलेले होते. जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्क्यांचे मद्यपान घातक मर्यादेच्या खाली आले. दुसऱ्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. वर्षाने पाहिले तेव्हा हे अंतर आणखी रुंदावून ५४ टक्के विरुद्ध ३२ टक्के झाले. अभिजित नाडकर्णी हे प्रमुख लेखक असलेला हा निबंध 'लॅन्सेट'च्या २०१७ च्या अंकात छापून आला.

'संगथ'च्या स्थापनेपासून या निबंधापर्यंत एकवीस वर्षे लोटली. त्या काळात संशोधक घडले, समुपदेशक घडले, आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांशी विश्वासाचे नाते जुळले. तीन वर्षांच्या प्रकल्पातून हे साधले नसते. ३८ जणांतल्या एकालाच उपचार मिळणाऱ्या देशात, औषधांच्या मोठ्या खर्चाविना चालणारी ही पद्धत आहे. आणि तिचे मोल ठरवायचे तर त्या एकवीस वर्षांचा हिशेब मांडावा लागेल.

महाराष्ट्राचा हिशेब

महाराष्ट्रात व्यसनमुक्तीच्या कामाची मोठी परंपरा आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानच्या मदतीने १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने गडचिरोलीत २०१६ पासून दारू आणि तंबाखू यांच्याविरुद्ध 'मुक्तिपथ' हा जिल्हाव्यापी उपक्रम चालू झाला. अनुभवाचा एवढा साठा असलेल्या राज्यात व्यसनावरील संशोधनाचे आणि प्रशिक्षणाचे सार्वजनिक पैशावर चालणारे ठळक केंद्र असायला नको काय?

गरज तातडीचीही आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात मेफेड्रोनचा, तरुणांच्या भाषेत 'एमडी'चा, प्रचंड साठा पकडला. अशा उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनावर अफूच्या व्यसनासारखे मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही. अमेरिकेतील संशोधनाचा भर तेथील माणसे ज्याने मरतात, त्या फेंटानिलवर असणार, हे स्वाभाविकच आहे. गुटखा, हातभट्टी आणि 'एमडी' हे आपले प्रश्न आपल्याच संशोधकांना सोडवावे लागतील. परदेशी उप-अनुदानाचा आधार डळमळीत झाल्यावर तर अधिकच.

पैसा नाही, ही सबब येथे टिकत नाही. राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मद्यावरील शुल्क वाढविले, तेव्हा त्यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपयांचे जादा उत्पन्न अपेक्षित असल्याचे सांगण्यात आले होते. पीएचडीनंतरच्या संशोधकाला सध्याच्या सर्वोच्च दराने, म्हणजे महिना ६७ हजार रुपयांनी, वर्षाला सुमारे आठ लाख रुपये लागतात. अशा शंभर संशोधकांना सतत पोसायचे तर खर्च वर्षाला आठ कोटींच्या आसपास येतो. अपेक्षित जादा उत्पन्नातील दर शंभर रुपयांमागे हे सहा पैसेही होत नाहीत. प्रयोगशाळा, उपकरणे, मार्गदर्शकांचे मानधन धरून ही रक्कम पाचपट झाली, तरी ती तीस पैशांच्या आतच राहील.

यासाठी नव्या महामंडळाची किंवा भव्य इमारतीची आवश्यकता नाही. एक पाठ्यवृत्ती योजना हवी, पाच वर्षांची, आणि सरकार बदलले तरी न बदलणारी. तिच्यात मनोविकारतज्ज्ञ, मेंदूवैज्ञानिक, समाजशास्त्रज्ञ आणि व्यसनमुक्ती केंद्रात काम केलेला कार्यकर्ता अशा चौघांनाही जागा असावी. निवड राज्याबाहेरील तज्ज्ञांनी करावी. मद्य व तंबाखू उद्योगाचा एक पैसाही तिला शिवू नये. पाठ्यवृत्ती घेणाऱ्याने तितकीच वर्षे राज्यातील एखाद्या सार्वजनिक संस्थेत काम करावे, ही परतफेडीची अट अमेरिकेकडून अवश्य घ्यावी. विद्यावेतन महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मिळेल, एवढी हमी मात्र द्यावी. कारण चांगला संशोधक विषय सोडून जातो, तो बहुधा प्रयोग फसल्यामुळे नव्हे, तर घरभाडे थकल्यामुळे.

केंद्राने २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभारले आणि पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये संशोधनासाठी उभे करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. त्यांतील ३६ हजार कोटी सरकारबाहेरून यावेत, अशी अपेक्षा होती. व्यसनासारख्या विषयाला उद्योगांकडून असा पैसा मिळण्याची शक्यता कमी, आणि मिळालाच तर तो घ्यावा की नाही, हा प्रश्न. तेव्हा या विषयापुरती जबाबदारी सरकारलाच उचलावी लागेल. आणि जे सरकार मद्यातून महसूल मिळविते, त्याच्यावर ती इतरांहून अधिक येते.

आज पुण्यात किंवा नागपुरात एम.डी. पूर्ण करणारा एखादा तरुण मनोविकारतज्ज्ञ संशोधनात राहावे की दवाखाना थाटावा, या विचारात असेल. त्याने संशोधन निवडले, तर त्याच्या हातून काही ठोस निष्पन्न व्हायला पंधरा वर्षे लागतील. तोपर्यंत 'एमडी'च्या आहारी गेलेली आजची विशीतली मुले चाळिशीकडे झुकलेली असतील. म्हणून त्याचा निर्णय काय होतो, ही त्याची एकट्याची खासगी बाब उरत नाही. त्याच्यापुढे पुढची पायरी आहे की नाही, हे राज्याच्या येत्या अर्थसंकल्पात दिसले पाहिजे.